अनोळखी मुलखात प्यूमाचा माग काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात राहतो, बॉइसी शहरात. इथले लोक नावात 'झ' म्हणत नाहीत. तुम्ही म्हणालात की बाहेरचे आहात हे लगेच कळतं. गेले चार हिवाळे माउंटन लायनच्या मागावर हिंडतो आहे आणि त्यातले पहिले दोन जवळजवळ वाया गेले. घरून फोन आला की किंवा इथल्या गणपतीत कोणी भेटलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. उदाहरणं बहुतेक मध्य आयडाहोतली, सॅमन नदीच्या खोऱ्यातली आहेत. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या त्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचाच.

माउंटन लायन म्हणजे सिंहच ना?

नाही. प्यूमा, कूगर, माउंटन लायन ही सगळी एकाच जनावराची नावं. त्याला डरकाळी फोडता येत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. नात्याने तो सिंहापेक्षा चित्त्याला जवळचा. कॅनडातल्या यूकॉनपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत सापडतो. नर साधारण ६०-७० किलोचा, मादी ३५ ते ५० किलोची. आपल्या बिबट्याच्या मापाचा, पण अंगावर ठिपके नाहीत आणि शेपूट लांबलचक. बिबट्यासारखाच गावाच्या कडेला राहूनही वर्षानुवर्षं दिसत नाही.

मी एच-१बी वर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

मराठी मंडळींनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तो सगळ्यात शेवटी विचारला जातो. फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकार-लायसन्स जवळ असणं. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. 'मित्राची आहे, मी फक्त धरली होती' हे उत्तर चालत नाही. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, शिकारी मित्राला नको.

आयडाहोत १ जानेवारी १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो. नुसतं बूट घालून डोंगर पालथा घालायचा असेल, कुत्रे आणि बंदूक बरोबर नसतील, तर यातलं काही लागत नाही. मी पहिला पूर्ण हिवाळा तसाच काढला.

कुठल्या राज्यात ही शिकार चालते?

कॅलिफोर्नियात नाही. तिथे १९९० मध्ये लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या प्रपोझिशन ११७ ने कायमची बंदी आली. ओरेगनमध्ये १९९४ पासून आणि वॉशिंग्टनमध्ये १९९६ पासून, लोकांनी मतदान करून, कुत्र्यांच्या मदतीने होणारी शिकार बंद केली, बिनकुत्र्याची चालते. कोलोराडोत २०२४ साली बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. यूटाने २०२३ मध्ये उलट टोक गाठलं: साध्या शिकार-लायसन्सवर वर्षभर मुभा. आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको इथे सीझन, टॅग (एका जनावरासाठीचा परवाना) आणि भागवार नियम आहेत. काही राज्यांत भागाचा कोटा भरला की तो भाग बंद होतो, म्हणून निघायच्या आधी फोन लावून किंवा वेबसाइट बघून खात्री करावी लागते. आठ तास गाडी हाकून गेल्यावर 'काल बंद झाला' हे ऐकायचं नसेल तर ही सवय लावून घ्या.

कधीच न पाहिलेल्या भागात सुरुवात कुठून करायची?

प्यूमापासून करू नका, हरणांपासून करा. पहिल्या वर्षी मी नेमकं उलट केलं. नकाशावर सगळ्यात दुर्गम, सगळ्यात उंच कडे शोधले, कारण डोक्यात चित्रच तसं होतं: उंच सुळका, त्यावर बसलेला प्यूमा. जानेवारीत स्नोशू घालून दोन दिवस मांडीएवढ्या बर्फातून चढलो. वर एका सशाचे ठसे मिळाले. उतरताना दरीच्या तळाशी, जिथे मी गाडी लावली होती तिथून अर्ध्या मैलावर, म्यूल डिअर जातीची साठ-सत्तर हरणं चरत होती.

गणित सोपं आहे. प्यूमाचं मुख्य खाणं म्यूल डिअर आणि एल्क हे मोठं हरीण. बर्फ साधारण दीड फुटाच्या वर गेला की हरणांना चालणं आणि चरणं दोन्ही जड जातं, म्हणून ती खाली उतरतात. ती उतरली की प्यूमाही उतरतो. त्यामुळे उन्हाळ्यातली जागा हिवाळ्यात कामाची नाही. आधी त्या भागातली हरणांची हिवाळी चरण्याची जागा शोधा. राज्याच्या वन्यजीव खात्याकडे तसे नकाशे असतात.

मग सॅटेलाइट नकाशा उघडून दक्षिणेकडे तोंड असलेले उतार बघा. आपल्या सह्याद्रीत उत्तर-दक्षिण उताराचा फरक असा डोळ्यात भरत नाही. इथे एकाच सोंडेची उत्तर बाजू फर वृक्षांच्या काळ्या जंगलाने आणि बर्फाने भरलेली असते, आणि दक्षिण बाजूला उन्हाने बर्फ वितळून गवत आणि सेजब्रशची झुडपं उघडी पडलेली असतात. हरणं तिथे. आणि त्या उताराला लागून तुटलेले कडे, कपारी, ज्युनिपरची झुडपं असतील तर प्यूमाला दबा धरायला आडोसाही मिळाला. चारा, आडोसा आणि त्यांना जोडणारी खिंड, असा तिठा नकाशावर सापडला की तिथे खूण करा. अशा दहा खुणा केल्यात तर त्यातल्या दोन कामाच्या निघतील.

खुणा केल्या. आता त्या डोंगरांवर चढायचं?

अजून नाही. आधी रस्ते. नराचा वावर शे-दोनशे चौरस किलोमीटर आणि कधी त्याहून कितीतरी जास्त असतो. एवढा मुलूख पायी तुडवून होत नाही. पण एवढ्या मुलखात फिरणाऱ्या जनावराला रस्ता कधी ना कधी ओलांडावाच लागतो. म्हणून इथले जुने लोक बर्फ पडून गेल्यावर पहाटे तीन-चारला निघतात आणि जंगलातल्या रस्त्यावरून पायी चालणाऱ्याच्या वेगाने गाडी नेतात. खिडकी उघडी, टॉर्च कडेच्या बर्फावर तिरका धरलेला. उजेड वरून सरळ पाडला तर ठसा दिसतच नाही. तिरका पाडला की सावली पडते आणि ठसा उठून दिसतो.

सगळ्यात चांगली रात्र म्हणजे बर्फ दहा-अकराला थांबला आणि मग आभाळ मोकळं झालं ती. पहाटेपर्यंत जनावराला फिरायला पाच-सहा तास मिळालेले असतात आणि जो ठसा दिसेल तो त्याच रात्रीचा असतो. बर्फ पहाटेपर्यंत पडत राहिला तर झोपून राहा.

ओढे रस्त्याला मिळतात त्या जागा, कड्याचा पायथा रस्त्याला टेकतो त्या जागा, आणि खिंडीतून जाणारे रस्ते इथे जास्त लक्ष द्या. ठसा मिळाला नाही तरी वहीत लिहा. तीन रात्री कोरड्या गेलेल्या रस्त्यावर चौथ्या रात्री ठसा मिळाला तर तो कधी येऊन जातो याचा अंदाज बांधता येतो. कुत्रेवाले सांगतात की नर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच वाटेवर परत येतो. माझ्या वहीत हे कधी जुळलं, कधी नाही.

प्यूमाचा ठसा ओळखायचा कसा?

रुंदी साधारण साडेसात ते नऊ सेंटिमीटर. नखं उमटत नाहीत, कारण मांजराच्या जातीचं जनावर चालताना ती आत ओढून घेतं. तळव्याची गादी बोटांच्या मानाने मोठी, आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. हे तीन फुगवटे नीट पाहा, बाकी सगळं फसवू शकतं. चार बोटांपैकी एक जरा पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं, त्यामुळे डावा-उजवा पंजा ओळखता येतो.

कुत्र्याचा किंवा लांडग्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा असतो, नखांच्या टोकांची भोकं पडतात, आणि बोटं व गादी यांच्या मधून फुलीचं चिन्ह काढता येतं. लांडग्याचा ठसा ११-१३ सेंटिमीटर लांब असतो. बॉबकॅट या लहान रानमांजराचा ठसा प्यूमासारखाच दिसतो पण जेमतेम पाच सेंटिमीटर. कॅनडा लिंक्स या दुसऱ्या रानमांजराचा पंजा मात्र मोठा, केसाळ आणि पुसट उमटतो. लिंक्स २००० सालापासून संरक्षित आहे, तेव्हा तिथे चूक परवडणारी नाही.

उन्हाने वितळलेला ठसा चारी बाजूंनी पसरतो. दुसऱ्या वर्षी मी एका ठशावर टेप लावली, साडेआठ सेंटिमीटर भरला, फोटो काढून चार जणांना पाठवला. एका वयस्क कुत्रेवाल्याने एवढंच लिहिलं: 'पुढे जा, झाडाच्या सावलीत बघ.' पुढे फरच्या सावलीत त्याच जनावराचा न वितळलेला ठसा होता, पाच सेंटिमीटरचा. बॉबकॅट! तेव्हापासून उन्हातला ठसा मी मोजतच नाही.

भुसभुशीत बर्फात ठशाचा आकारच कळत नाही, नुसती भोकं दिसतात. तेव्हा चाल बघायची. प्यूमाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेत किंवा तिच्या अगदी जवळ पडतो. खोल बर्फात शेपटीची ओढ अधूनमधून उमटते. आणि पडलेल्या ओंडक्यावरून चालत जाण्याची त्याला भारी हौस. ओंडक्यावर बर्फाचा थर पातळ असतो, तिथे ठसा स्वच्छ मिळतो.

ठसा किती ताजा आहे हे कसं कळतं?

शेजारी आपला बूट दाबून बघा. ताज्या ठशाच्या कडा तुमच्या बुटाच्या कडांसारख्याच मऊ आणि धारदार असतात. काही तासांनी दाबलेला बर्फ घट्ट होतो. बोटाने कड ढकलली तर कुरकुरीत तुकडा सुटतो. ठशाच्या तळाशी बारीक हिमकण वाढले असतील तर एक थंड रात्र उलटून गेली आहे. वाऱ्याने आत बर्फाचा भुसा भरला असेल तर वारा कधी सुटला होता ते आठवा. हवामानाची नोंद ठेवलीत तर हे सगळं जमतं, नाहीतर नुसते तर्क.

ठशांशिवाय आणखी काय शोधायचं?

नर मागच्या पायांनी पाचोळा, माती मागे ढकलतो. पुढे लांबट खरवड आणि मागे छोटासा ढीग असं दिसतं. ही त्याची हद्दीची पाटी. खिंडीत, मोठ्या झाडाखाली, कपारीच्या छपराखाली बघा. बर्फ नसलेल्या दिवसांत अशा जागा शोधून ठेवल्या की हिवाळ्यात उपयोग होतो. एकच जागा वर्षानुवर्षं वापरली जाते.

दुसरी खूण म्हणजे झाकलेलं हरीण. प्यूमा पोटभर खाऊन उरलेल्यावर गवत, पानं, बर्फ ओढून टाकतो आणि दोन-चार दिवस तिथेच आसपास राहतो. केस उपटून टाकलेले, फासळ्यांमागून फाडलेलं, हृदय आणि यकृत आधी संपलेलं. डोमकावळे आणि मॅगपाय एका जागी घिरट्या घालत असतील तर दुर्बीण लावा. असा साठा सापडला की जागेची खूण करा आणि आल्या पावली निघा. मालक बहुधा तुम्हाला बघत असतो.

जमीन कोणाची आहे हे कसं समजायचं?

ऑनएक्ससारखं अ‍ॅप फोनमध्ये असू द्या आणि नकाशे आधीच उतरवून घ्या, दरीत नेटवर्क नसतं. सरकारी कागदी नकाशांवर बीएलएमची (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या फेडरल खात्याची) जमीन पिवळी, राष्ट्रीय वनांची हिरवी, राज्याची निळी, खासगी पांढरी. आयडाहोत कुंपणाच्या खांबाला भडक नारिंगी रंग फासलेला दिसला तर ती खासगी जमीन. विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. काही भागांत सरकारी आणि खासगी चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे मांडलेले आहेत. कोपऱ्यावरून कोपऱ्यात पाऊल टाकणं चालतं, असा निकाल दहाव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने २०२५ मध्ये वायोमिंगच्या प्रकरणात दिला, पण आयडाहो आणि मोंटाना त्या न्यायालयाखाली येत नाहीत. नॅशनल पार्कात शिकार नाही. हरणांच्या हिवाळी जागांचे काही रस्ते थंडीत गाडीला बंद असतात. फाटकाला वळसा घालणं हा गुन्हा आहे.

स्थानिकांना विचारलं तर सांगतात का?

आपली जागा कोणी सांगत नाही. पण प्रश्न बदलून विचारा. 'प्यूमा कुठे आहे' असं विचारलंत तर खांदे उडवतील. 'या हिवाळ्यात हरणं कुठल्या बाजूला उतरलीत' असं विचारा, तासभर बोलतील. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आणि टपाल टाकणारा यांना रस्त्यावरचं सगळं दिसलेलं असतं. गुराखी तर रोजच रानात असतो. खात्याच्या विभागीय कार्यालयातला जीवशास्त्रज्ञही फोनवर बोलतो, आणि नम्रपणे विचारलंत तर नकाशावर बोट ठेवण्याइतपत मदत करतो. पैसे देऊन माणूस बरोबर घ्यायचा असेल तर तो राज्याच्या आउटफिटर्स अँड गाइड्स लायसन्सिंग बोर्डाचा परवानाधारक आहे ना, हे बघा.

एकट्या जनावराचा माग मिळाला. पुढे जायचं ना?

आधी मागे जा. सगळ्या पानावरची हीच सूचना लक्षात राहिली तरी पुरे.

प्यूमाला पिल्लं वर्षात केव्हाही होतात, उन्हाळ्यात जरा जास्त. एका वेळी बहुधा दोन किंवा तीन, आणि ती वर्ष-दीड वर्ष आईजवळ राहतात. पिल्लं लहान असताना आई त्यांना कपारीत किंवा मारलेल्या हरणाजवळ ठेवून एकटीच शिकारीला निघते. म्हणजे रस्त्यावर एकटीचे ठसे दिसले तरी ती एकटी आहे असं होत नाही. पिल्लं बरोबर असलेली मादी आणि ठिपक्यांची पिल्लं मारायला आयडाहोतच नव्हे, बहुतेक राज्यांत बंदी आहे. पण कायद्याचं राहू द्या. आई गेली तर कपारीतली पिल्लं उपाशी मरतात, आणि ते कोणाला दिसतही नाही.

म्हणून माग मिळाला की तो उलट्या दिशेने धरायचा. मैलभर, जमलं तर दोन मैल. गेल्या जानेवारीत आम्ही असंच मागे गेलो. पाऊण मैल एकच रेघ, मधोमध, सरळ. मग एका ओंडक्यापाशी रेघ फुटली आणि तिच्या दोन्ही बाजूंना लहान पंजांची गर्दी झाली. एका ठिकाणी तर पिल्लू ओंडक्यावरून घसरून पडल्याची बर्फात पाठीची खूण होती. बरोबरच्या माणसाने काही न बोलता कुत्र्यांची पेटी बंद केली आणि आम्ही कॉफी प्यायलो.

नर-मादी ओळखण्यासाठी गादीची रुंदी बघतात: पाच सेंटिमीटरच्या बरीच वर असेल तर बहुधा नर. सीमेवरच्या मापावर विश्वास ठेवू नका. जनावर झाडावर चढलेलं असेल तर दुर्बिणीतून शेपटीखाली बघतात. नराला गुदद्वाराच्या खाली चार-पाच इंचांवर काळा ठिपका असतो, मादीला नसतो. त्यासाठी झाडाभोवती फिरून, घाई न करता, थांबावं लागतं.

कुत्रे लागतातच का?

नाही, पण त्यांच्याशिवाय यश फार कमी. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, प्लॉट हाउंड या जाती वापरतात. गळ्यात जीपीएस पट्टा. प्यूमा छोट्या अंतराचा धावपटू, दम लवकर संपतो आणि तो झाडावर किंवा कड्यावर चढतो. आयडाहोत कुत्रे वापरायला वेगळा हाउंड परमिट लागतो आणि बाहेरच्या राज्यातल्यांना तो मोजकाच मिळतो. अनोळखी भागात कुत्रे सोडण्याआधी लांडग्यांचे ठसे आहेत का ते पाहा. १९९५-९६ मध्ये मध्य आयडाहोत लांडगे परत आणले गेले, आणि लांडगे हाउंडना मारतात. आणि जिकडे कडे तुटलेले आहेत तिकडे सोडू नका, कुत्रा माग सोडत नाही आणि कड्यावरून जातो.

कॅमेरे लावून ठेवले तर?

राज्य बघा. अ‍ॅरिझोनात २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यांवर बंदी आहे.

बर्फच पडत नाही तिथे काय करतात?

अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिकोत मातीच्या रस्त्यांवरून संध्याकाळी साखळी किंवा जुने टायर ओढत नेतात. सारवलेल्या अंगणासारखा रस्ता सपाट होतो आणि पहाटे नवा ठसा लगेच डोळ्यांत भरतो. कोरड्या ओढ्यांची वाळूही वाचण्याजोगी. पण तिथे सगळा भार कुत्र्याच्या नाकावर, आणि ऊन चढलं की वासही उडतो. मला हे जमलेलं नाही.

एकट्याने फिरताना प्यूमाने हल्ला केला तर?

उत्तर अमेरिकेत शंभरेक वर्षांत माणसं दगावल्याच्या घटना तीसच्या आसपास आहेत. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, हात पसरून मोठे दिसा, ओरडा, नजर काढू नका. अंगावर आला तर लढा. खरा धोका थंडीचा, हिमकड्यांचा आणि गाडी खड्ड्यात अडकण्याचा. सॅटेलाइट मेसेंजर, फावडं, जाडी गोधडी आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवणं.

हे सगळं करणं बरोबर आहे का?

पुण्याहून हा प्रश्न दरवेळी येतो, आणि यायलाच हवा. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर आपण ज्या वातावरणात वाढलो त्यात शिकार हा शब्दच खटकतो. इथेही एकेकाळी प्यूमा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. १९६४ मध्ये वन्यजीव संशोधक मॉरिस हॉर्नॉकर यांनी मध्य आयडाहोत बिग क्रीकच्या खोऱ्यात, विल्बर वाइल्स या कुत्रेवाल्याच्या मदतीने, प्यूमा पकडून, खूण करून सोडण्याचं काम सुरू केलं. हरणं आणि एल्क प्यूमामुळे संपत नाहीत, आणि प्यूमा आपली संख्या हद्दी राखून स्वतःच आवरतात, हे त्यातून पुढे आलं. दुसरीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या २०१३ च्या एका अभ्यासात जास्त शिकार झालेल्या भागांत पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले आणि तक्रारी वाढलेल्या दिसल्या. वाद मिटलेला नाही. मी चार वर्षांत एकदाही गोळी झाडलेली नाही. बरोबरच्यांनी एकदा झाडली, तेव्हा मी तिथे होतो, आणि झाडाखाली उभं राहून वर पाहताना जे वाटलं ते मला नीट सांगता येत नाही.

कातडं भारतात नेता येईल का?

मनातही आणू नका. प्यूमा साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, करारात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या करारातल्या प्राण्यांसाठी आपल्या वन्यजीव कायद्यात स्वतंत्र परिशिष्ट आलं आहे. इथेही आधी खात्याला दाखवावं लागतं. आयडाहोत दहा दिवसांच्या आत कवटी आणि कातडं घेऊन तपासणी करून घ्यायची असते.

मांस खातात?

खातात, आणि कोलोराडोत तर खाण्याजोगं मांस टाकून देणं बेकायदा आहे. रंग फिका, चव डुकराच्या मांसाच्या जवळची. प्यूमाच्या मांसात ट्रायकिनेला हा जंत बऱ्याचदा असतो, म्हणून आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापमान गाठायलाच हवं. अर्धकच्चं, गुलाबी असलं काही नको. आम्हाला मिळालेला वाटा बायकोने कांदा-लसूण मसाला घालून कुकरला लावला आणि सहा शिट्ट्या काढल्या. कुत्रेवाले आजोबा दोनदा वाढून घेत भाकरीचं पीठ कुठे मिळतं ते विचारत होते.